डिस्क ॲरेची क्षमता वाढवताना : नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

लातूरच्या ट्यूशन एरियातील बऱ्याच क्लासेसच्या मागच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या शेजारी, एक काळा डबा चोवीस तास घरघरत असतो. त्यात चार हार्ड डिस्क असतात आणि वर्षभर शिकवलेल्या प्रत्येक तासाचे चित्रीकरण त्यांवर साठलेले असते. हा डबा बसवताना तो कधी भरेल याचा हिशोब सहसा कोणी करत नाही. तो साधा आहे : सेकंदाला ८ मेगाबिट या दराने चित्रीकरण केले तर एका तासाला ३.६ जीबी जागा लागते. दीड तासाची आठ व्याख्याने रोज झाली तर दिवसाला सुमारे ४३ जीबी आणि २६ दिवसांच्या महिन्याला सुमारे १.१ टीबी. म्हणजे १२ टीबीचा ॲरे, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कचा संच, एका शैक्षणिक वर्षातच गळ्यापर्यंत येतो. लग्नसराईत चित्रीकरण करणारे स्टुडिओ, जिल्हा पातळीवरील दैनिकांची छायाचित्र-भांडारे आणि रुग्णालयांतील स्कॅन यांची स्थितीही फार वेगळी नसते.

अशा वेळी क्षमता वाढवण्याचे काम ज्याच्या अंगावर पहिल्यांदाच पडते, त्याच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क आणि रेड ५ अशी रचना धरली आहे, कारण आपल्याकडे लहान कार्यालयांत तीच जास्त आढळते.

आपल्याकडे नेमके काय आहे

अनेक डिस्क एकत्र बांधून त्या संगणकाला एकाच मोठ्या डिस्कसारख्या दाखवायच्या, आणि त्यांतील एखादी बिघडली तरी माहिती शाबूत ठेवायची, या पद्धतीला रेड म्हणतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेल्या शोधनिबंधातून हे नाव रूढ झाले. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे हरवलेली माहिती पुन्हा काढता यावी यासाठीच्या गणिती नोंदींसाठी जाते. रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जाते. म्हणून चार डिस्कच्या रेड ५ मध्ये वापरण्याजोगी जागा तीन डिस्कइतकी, म्हणजे १२ टीबी असते. प्रत्येक डिस्कची फक्त तेवढीच जागा धरली जाते, जेवढी संचातील सर्वांत लहान डिस्कमध्ये आहे, हा नियम पुढे पदोपदी लागेल.

पडद्यावर मात्र १२ च्या जागी १०.९ दिसते आणि नवखा माणूस दुकानदाराशी भांडायला निघतो. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. संगणक बऱ्याचदा १०२४ च्या पटीत मोजतो. त्यामुळे ४ टीबीची डिस्क ३.६४ अशी दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते.

कागद घेऊन त्यावर रेडचा प्रकार, डिस्कची संख्या आणि प्रत्येकीची क्षमता, डब्यात रिकामा कप्पा आहे की नाही, ॲरेवर एलव्हीएमचा (लिनक्समधील जागेचे सोयीनुसार भाग पाडणाऱ्या व्यवस्थेचा) थर आहे की नाही आणि सर्वांत वर कोणती फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडण्याची पद्धत, आहे, एवढ्या गोष्टी लिहून काढाव्यात. लिनक्सवर ॲरेची सगळी माहिती एमडीॲडम या आज्ञेच्या 'डिटेल' या पर्यायाने मिळते. तयार नॅस डब्यांत, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना जागा पुरवणाऱ्या साठवण-डब्यांत, ती 'स्टोरेज' या नावाच्या पानावर असते. हा कागद म्हणजे थरांचा नकाशा आहे. डिस्क, तिच्यावरील पार्टिशन (आखून घेतलेला भाग), त्यांवरचा ॲरे, त्यावरचा व्हॉल्यूम आणि शेवटी फाइल सिस्टिम असे हे थर असतात. खालचा थर वाढला म्हणून वरचा आपोआप वाढत नाही. नव्या महागड्या डिस्क बसवूनही जागा तेवढीच का दिसते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा याच नकाशात सापडते.

भर घालायची की बदल करायचा

क्षमता वाढवण्याचे दोन रस्ते आहेत. कप्पा रिकामा असेल तर पाचवी ४ टीबीची डिस्क घालता येते आणि १२ चे १६ टीबी होतात. कप्पे भरलेले असतील तर एकेक डिस्क काढून तिच्या जागी मोठी बसवत जावे लागते. चारही ८ टीबीच्या झाल्या की २४ टीबी मिळतात, पण चौथी बदलेपर्यंत, म्हणजे तीन डिस्कचे पैसे खर्च होऊनही, जागा १२ टीबीच राहते. सर्वांत लहान डिस्कचा नियम तो हाच. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅस डब्यांतील एसएचआरसारख्या रचनेत वेगवेगळ्या आकाराच्या डिस्कची जास्तीची जागा काही प्रमाणात वापरता येते, पण तिथेही ती मिळण्यासाठी किमान दोन डिस्क मोठ्या असाव्या लागतात.

भर घालणे स्वस्त पडते. तरीही डिस्क चार-पाच वर्षे जुन्या असतील तर बदलच करावा, असे माझे मत आहे. भर घालताना प्रत्येक जुन्या डिस्कवरील माहितीचा प्रत्येक ठोकळा (ब्लॉक) वाचून तो पाच डिस्कवर नव्याने मांडला जातो, आणि थकलेल्या डिस्ककडून इतके अंगमेहनतीचे काम करवून घेऊन शेवटी त्याच डिस्कच्या भरवशावर राहायचे, यात मला शहाणपण दिसत नाही. सहा-सात डिस्क होणार असतील तर रेड ६ कडे जाण्याचा विचार याच वेळी करावा.

झेडएफएस, म्हणजे रेडचे काम स्वतःच करणारी फाइल सिस्टिम, वापरणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. तिथे रेड-झेड या पॅरिटी असलेल्या डिस्क-गटात एकच डिस्क वाढवण्याची सोय फार उशिरा, जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ या आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर नवा गट जोडणे किंवा सगळ्या डिस्क मोठ्या करणे एवढेच मार्ग उरतात. नव्या आवृत्तीतही जुन्या फाइली जुन्याच पॅरिटी-प्रमाणात राहतात. त्या पुन्हा लिहिल्या गेल्या तरच जागेचा पूर्ण लाभ मिळतो.

पैसे देण्यापूर्वी

वरच्या उदाहरणात २४ टीबी म्हणजे १०२४ च्या मापाने सुमारे २१.८ होतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम जर ६४-बिट वैशिष्ट्याशिवाय तयार केली असेल तर नेहमीच्या ४ केबीच्या ठोकळ्यांवर ती १६ टेबीबाइटच्या, म्हणजे याच १०२४ च्या मापातील १६ च्या, पुढे वाढत नाही. जुन्या ३२-बिट प्रोसेसरच्या नॅस डब्यांनाही हीच भिंत आडवी येते. लिनक्सवर फाइल सिस्टिम उतरवून (अनमाउंट करून) तिचे ६४-बिटमध्ये रूपांतर करता येते. जुन्या डब्यात तो मार्गही नसतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती डिस्क मागवण्यापूर्वी करावी, कारण चारही डिस्क बदलून, चार दिवस जागून झाल्यावर शेवटच्या पायरीवर ही भिंत दिसली तर माणसाला कपाळाला हात लावण्यापलीकडे काही उरत नाही. दोन टेबीबाइटहून मोठ्या डिस्कला एमबीआर पद्धतीची पार्टिशन-सारणी पुरत नाही, जीपीटी लागते. हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

डिस्क निवडताना तिचे लेखन सीएमआर पद्धतीचे, म्हणजे चुंबकीय पट्टे एकमेकांवर न चढवणारे, आहे याची खात्री उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून करावी. एसएमआर पद्धतीत चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. सलग लेखनाचा ताण आला की अशी डिस्क इतकी मंदावते की ॲरे तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतो. दुसरी बाब अशी की, रेडसाठी बनवलेली डिस्क न वाचता येणाऱ्या जागेवर साधारण ७ सेकंदांत माघार घेऊन तसे कळवते आणि ॲरे ती माहिती पॅरिटीवरून काढतो. साध्या डेस्कटॉप डिस्क तिथे मिनिटभरही अडून बसतात, आणि लिनक्स मात्र ३० सेकंदांपलीकडे वाट पाहत नाही.

लातूरच्या गंजगोलाईच्या परिसरात एकाच दिवशी चार सारख्या नॅस डिस्क मिळतील याचा भरवसा नसतो, म्हणून त्या पुण्याहून मागवाव्या लागतात. शक्य असेल तर दोन वेगळ्या खेपांतील घ्याव्यात, म्हणजे एकाच खेपेतील दोष चारही डिस्कना एकदम भोवणार नाही. एसटीच्या पार्सलमधून नुसत्या बबल-रॅपमध्ये गुंडाळून आलेली डिस्क मी थेट वापरत नाही. प्रत्येक नवी डिस्क वेगळ्या संगणकाला जोडून तिची 'लाँग' प्रकारची स्मार्ट चाचणी (स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीवर ठेवलेली देखरेख) पूर्ण करावी. ८ टीबीच्या डिस्कला त्यासाठी पंधरा तास लागू शकतात, आणि ते लागू द्यावेत.

बॅकअप आणि जुन्या डिस्कची प्रकृती

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते आणि बहुतेकांनी ते मनावर घेतलेले नसते. विस्ताराच्या काळात त्याचा अर्थ फार ठोस होतो. रेड ५ मधून एक डिस्क काढली की नवी भरून होईपर्यंत ॲरेला कसलेच संरक्षण नसते, आणि नेमक्या याच काळात उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या ठोकळ्यापासून शेवटच्या ठोकळ्यापर्यंत वाचाव्या लागतात. आपल्या उदाहरणात हे वाचन १२ टीबीचे आहे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक असे प्रमाण दिलेले असते, आणि तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क याहून पुष्कळ चांगल्या वागतात, पण उत्पादकाने लिहून दिलेली हमी एवढीच आहे आणि आपले काम तिच्या काठावर चालले आहे, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी संपूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातील आठ-दहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून, चालवून पाहाव्यात. बॅकअप 'यशस्वी' झाल्याचा हिरवा संदेश मी पुरावा मानत नाही. एवढी जागा नसेल तर नव्या ८ टीबीच्या डिस्कपैकी दोन तात्पुरत्या बॅकअपसाठी वापरता येतात; फक्त मग त्या दोन सर्वांत शेवटी संचात जातात आणि अखेरच्या टप्प्यात बॅकअप दुसरीकडे हलवावा लागतो.

त्यानंतर जुन्या डिस्कची नाडी तपासावी. स्मार्ट अहवालातील ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. त्या अनुक्रमे बदललेल्या, संशयित आणि वाचता न येणाऱ्या जागांच्या आहेत. १९७ शून्याहून जास्त असेल तर ती डिस्क सर्वांत आधी बदलायची. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो आणि तीनशे रुपयांच्या आत मिटतो. शेवटी संपूर्ण ॲरेची पडताळणी, म्हणजे स्क्रब, चालवावी. ती निर्वेध पार पडली तर जुन्या डिस्क पुढचे वाचन झेपवतील असा विश्वास धरता येतो.

दिवस कोणता निवडावा

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बंद खोलीतील डब्यात डिस्कचे तापमान सहज ५० च्या पुढे सरकते. माहितीपत्रकात ६० ते ६५ अंशांची मर्यादा लिहिलेली असली तरी सलग वीस तासांच्या वाचनाला मी ४५ च्या वर तापमान जाऊ देत नाही. मेअखेरीस वळवाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळी लाइट जाणे ठरलेलेच. म्हणून हे काम शक्यतो दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबर-जानेवारीत काढावे. क्लास बंद असेल तर ॲरेवरचा नेहमीचा भारही कमी असतो. आधी ब्रशने जाळ्यांवरची धूळ साफ करावी. काळ्या मातीची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर कशी बसते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

डबा चांगल्या यूपीएसवर असावा आणि यूपीएसची यूएसबी केबल डब्याला जोडलेली असावी. पंधरा मिनिटांच्या यूपीएसवर वीस तासांचे काम निभावत नाही. त्याचे काम एवढेच, की लाइट गेल्यावर डबा स्वतःहून नीट बंद व्हावा. नीट बंद झालेला ॲरे पुन्हा सुरू झाल्यावर राहिलेल्या जागेपासून पुढे काम करतो. लेखन अर्धवट असताना वीज तुटली तर मात्र माहिती एक सांगते आणि पॅरिटी दुसरेच, अशी अवस्था येऊ शकते. घरगुती इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर जो खंड पाडतो तेवढाही पुरेसा ठरू शकतो, म्हणून इन्व्हर्टर असला तरी मध्ये यूपीएस हवाच.

डिस्कची ओळख

ही पायरी क्षुल्लक वाटते आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात चारपैकी एक डिस्क बाद झाली होती आणि पडद्यावर तिचे नाव एसडीबी असे दिसत होते. ए पहिली तर बी दुसरी, असे मी मनाशी धरले. सोबतच्या मुलाने विचारले, "दादा, दुसऱ्या नंबरची काढू का?" मी मान हलवली. त्याने ती ओढली आणि दोन सेकंदांत सगळ्या संगणकांवरचे सामायिक फोल्डर गायब झाले. बाद डिस्क तिसऱ्या कप्प्यात होती. आम्ही चांगली काढली होती. डबा लगेच बंद केला, डिस्क जागेवर ठेवली, प्रत्येक डिस्कवरील घटना-क्रमांक (ॲरेतील बदलांची मोजणी) जवळपास सारखे असल्याचे पाहिले आणि ॲरे सक्तीने पुन्हा जुळवला. त्या संध्याकाळचे एक चित्रीकरण अर्धवट राहिले, बाकी वाचले. ती रात्र मात्र मी विसरलेलो नाही.

एसडीए, एसडीबी ही नावे संगणक सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावरून पडतात आणि पुढच्या वेळी बदलू शकतात. डिस्कची खरी ओळख तिचा सिरियल क्रमांक. डबा बंद असताना प्रत्येक डिस्क बाहेर काढून लेबलवरील सिरियल क्रमांकाचे शेवटचे चार अंक कागदी चिकटपट्टीवर लिहावेत आणि ती पट्टी त्या कप्प्याच्या दर्शनी भागावर लावावी. काढण्यापूर्वी पडद्यावरचा क्रमांक आणि पट्टीवरचा क्रमांक मोठ्याने वाचून जुळवावा, शक्यतो दोघांनी मिळून.

प्रत्यक्ष बदल

आधी एकच डिस्क बदलायची. रिकामा कप्पा असेल तर नवी डिस्क त्यात घालून, लिनक्सवर तिला 'ॲड' करून, 'रिप्लेस' हा पर्याय वापरावा. त्यात जुनी डिस्क संचातच राहते, तिची थेट प्रत नवीवर उतरते आणि प्रत पूर्ण झाल्यावरच जुनी बाद होते. ॲरे एक क्षणही उघडा पडत नाही. बदलासाठी एक कप्पा कायम मोकळा ठेवावा असे मी सांगतो ते याचसाठी. कप्पा नसेल तर जुनी डिस्क आधी आज्ञेने 'फेल' आणि मग 'रिमूव्ह' करावी, त्यानंतरच ओढून काढावी, नवी बसवावी, जुन्या भागाइतके किंवा त्याहून मोठे पार्टिशन करून 'ॲड' करावी आणि रीबिल्ड, म्हणजे पॅरिटीवरून नवी डिस्क भरण्याचे काम, सुरू झाल्याचे पाहावे.

सेकंदाला सरासरी १५० एमबी वेग धरला तर ४ टीबी भरायला साडेसात तास लागतात. कार्यालय चालू असेल तर दुप्पट धरावे. टक्केवारी पाहत बसण्यात अर्थ नाही; तासा-दोन तासांनी तापमान आणि चुकांच्या नोंदी पाहाव्यात. पूर्ण झाल्यावर ॲरे 'क्लीन' दिसतो का, नव्या डिस्कची स्मार्ट नोंद स्वच्छ आहे का, हे पाहून मगच दुसरी बदलावी. एका दिवसात दोन बदलण्याची घाई करू नये. चार डिस्कना चार दिवस द्यावेत.

भर घालण्याचा रस्ता निवडला असेल तर नवी डिस्क 'ॲड' केल्यावर ती सुरुवातीला फक्त राखीव म्हणून बसते. 'ग्रो' या पर्यायात डिस्कची संख्या पाच सांगितल्यावरच फेरमांडणी सुरू होते. तिच्या सुरुवातीच्या नाजूक भागासाठी आज्ञा बॅकअप-फाइल मागू शकते. ती याच ॲरेवर ठेवणे म्हणजे विहिरीत पडताना दोर सोबत नेण्यासारखे आहे. ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी. फेरमांडणी रीबिल्डहून संथ असते, एक-दोन दिवस सहज लागतात.

वरचे थर वाढवणे

चारही डिस्क बदलल्या तरी जागा १२ टीबीच दिसेल. आता नकाशा हातात घेऊन खालून वर जायचे. पार्टिशन आधीच डिस्कभर केले असेल तर थेट ॲरेला 'ग्रो' आणि आकार 'मॅक्स' सांगायचा. त्यानंतर वाढलेल्या भागाची पॅरिटी जुळवण्यात पुन्हा काही तास जातात. एलव्हीएम असेल तर त्याचा भौतिक व्हॉल्यूम आणि मग तार्किक व्हॉल्यूम वाढवायचा. शेवटी फाइल सिस्टिम : ईएक्सटी४ चालू असतानाच वाढवता येते, एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम तर जोडलेली असतानाच वाढते. एक्सएफएस नंतर लहान करता येत नाही, त्यामुळे काही जागा दुसऱ्या कामासाठी राखायची असेल तर ती व्हॉल्यूमच्या पातळीवर आधीच बाजूला काढावी. तयार नॅस डब्यांत हे सगळे 'एक्सपांड' अशा एका बटणामागे असते, पण ते बटण दाबावे लागते.

आकार बरोबर दिसल्यावर पुन्हा एकदा स्क्रब चालवावा, बिघाडाची सूचना ई-मेलने येते का हे चाचणी-संदेश पाठवून पाहावे आणि कप्प्यांवरच्या चिकटपट्ट्या नव्या क्रमांकांनुसार बदलाव्यात. लिनक्सवर ॲरेच्या रचनेची नोंद असलेली फाइलही अद्ययावत करावी, नाहीतर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ॲरे भलत्याच नावाने उगवतो.

काढलेल्या चार जुन्या डिस्क लगेच पुसू नयेत. त्यांवर काढल्याची तारीख आणि कप्पा-क्रमांक लिहून त्या महिनाभर कपाटात ठेवाव्यात. महिना उलटल्यावर ज्यांची स्मार्ट नोंद स्वच्छ आहे त्या पूर्ण पुसून बॅकअपसाठी वापराव्यात. बाकीच्या भंगारात देण्यापूर्वी त्यांतील तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडावीत. त्यांवर विद्यार्थ्यांचे अर्ज आणि आधारच्या प्रती अजूनही असतात.